ओढण्याचा आकडा आणि अंतराचा आकडा

येऊ घातलेल्या एका सात आसनी इलेक्ट्रिक एसयूव्हीची मी गेले अनेक महिने वाट पाहत आहे. तिच्याविषयी जे थोडेफार प्रसिद्ध होते त्यात ओढण्याच्या क्षमतेचा किलोग्रॅममधला आकडा ठळकपणे दिलेला असतो. माझ्याकडे १,६०० किलोंची कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, असल्यामुळे तो आकडा माझ्या कामाचा आहे, हे खरे. परंतु मला त्याहून अधिक गरज दुसऱ्या एका आकड्याची आहे, आणि तो कोणतीच कंपनी ठळकपणे छापत नाही: ही गाडी एवढे ओझे घेऊन एका चार्जमध्ये किती दूर जाईल?

निव्वळ ताकदीच्या बाबतीत इलेक्ट्रिक गाडी कमी पडत नाही. मोटर पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, देते, त्यामुळे चढावर उभी असलेली ट्रेलर जोडलेली गाडी ज्या सहजतेने हलते, ती सहजता मी डिझेल गाडीत कधी अनुभवलेली नाही. आज उपलब्ध असलेल्या गाड्यांपैकी रिव्हियन आर१एस सुमारे ३,५०० किलो, किया ईव्ही९ काही आवृत्त्यांत २,५०० किलो आणि व्होल्वो ईएक्स९० २,२०० किलोंपर्यंतचा ब्रेकयुक्त ट्रेलर ओढू शकते. माझ्यासारख्या बहुतेकांची गरज एवढ्यात भागते.

अडचण कोठे येते हे मला गेल्या उन्हाळ्यात कळले. भाड्याने घेतलेल्या एका इलेक्ट्रिक एसयूव्हीला आम्ही कॅरॅव्हॅन जोडली आणि निघालो, तेव्हा पडद्यावर ४०० किलोमीटर शिल्लक असल्याचे दिसत होते. चाळीस किलोमीटर कापून झाले तोवर त्यातले नव्वद कमी झाले होते. गाडी आदल्या दिवशीच्या रिकाम्या धावण्यावरून हिशेब करत होती आणि मागे काय बांधले आहे याचा तिला पत्ताच नव्हता. तो सगळा प्रवास मी रस्त्यापेक्षा त्या आकड्याकडे पाहत केला, आणि दोन लहान मुले मागे बसलेली असताना ही अवस्था मला पुन्हा नको आहे.

यात दोष ओझ्याचा असतो त्याहून अधिक हवेचा असतो, हे समजून घेतले पाहिजे. वजनामुळे टायरचे घर्षण वाढते आणि चढावर जास्त ऊर्जा लागते, पण उतारावर त्यातला काही भाग रीजनरेटिव्ह ब्रेकिंगमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरनेच वीज तयार केल्यामुळे, बॅटरीत परत येतो. हवा कापण्यात गेलेली ऊर्जा मात्र कधीच परत येत नाही. म्हणूनच तितक्याच वजनाची बुटकी होडी ओढताना गाडीवर जो ताण येतो, त्याहून बराच जास्त ताण सपाट तोंडाच्या उंच कॅरॅव्हॅनमुळे येतो. हा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी १०० किलोमीटरवरून ८० वर आल्यास तो सुमारे ३६ टक्क्यांनी घटतो. डिझेल गाडीतही हेच घडत असते, फक्त ते जाणवत नाही. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॉट-तास ऊर्जा असते, म्हणजे ७० लिटरच्या टाकीत ७०० किलोवॉट-तास झाले. इंजिन त्यातला मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया घालवत असले तरी साठाच एवढा असतो की खर्च वाढला तरी चालक निश्चिंत राहतो. १०० किलोवॉट-तासांच्या बॅटरीत असे लपवायला काही उरत नाही.

मोठा ट्रेलर जोडल्यावर पल्ला जवळपास निम्मा होतो, असा बहुतेकांचा अनुभव आहे आणि माझाही तोच आहे. कागदावर ४५० किलोमीटर असतील तर हाती सव्वादोनशे धरावेत. जलद चार्जिंग प्रामुख्याने १० ते ८० टक्क्यांच्या टप्प्यातच लाभदायक असल्यामुळे दोन थांब्यांमधले अंतर दीडशेच्या आसपास येते, म्हणजे दोन तासही पूर्ण होण्याआधी थांबावे लागते. म्हणून ओढण्याची क्षमता आणखी पाचशे किलोंनी वाढवण्याऐवजी कंपनीने जलद चार्जिंग पेलणारी ८०० व्होल्टची प्रणाली द्यावी आणि चार्जिंगचा वेग शेवटपर्यंत टिकवावा, असे मला मनापासून वाटते.

आणि गाडीला ट्रेलर ओळखता आला पाहिजे. त्याची उंची, रुंदी आणि वजन एकदा नोंदवले की शिल्लक पल्ल्याचा अंदाज पहिल्या किलोमीटरपासून त्यानुसार मिळावा आणि पुढे प्रत्यक्ष खर्च पाहून सुधारत जावा. काही इलेक्ट्रिक पिकअपमध्ये ट्रेलरची अशी नोंद ठेवण्याची सोय आजही आहे, तेव्हा ही मागणी अवास्तव नाही.

हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जिथे जोडतात त्या सांध्यावर, येणाऱ्या भाराविषयी फारसे बोलले जात नाही. बैलगाडीसाठी मराठीत धुरजड आणि उलाळ असे दोन नेमके शब्द आहेत. पुढे भार जास्त झाला तर गाडी धुरजड होते, मागे जास्त झाला तर उलाळ होते. ट्रेलरचेही तेच आहे. उलाळ ट्रेलर वेगात डोलू लागतो, आणि ते डोलणे एकदा मागच्या आरशात पाहिले की विसरता येत नाही. माझ्या कॅरॅव्हॅनसाठी हिचवर ९० ते १०० किलो भार योग्य ठरतो. नव्या गाडीची मर्यादा ७५ किलोच असेल, तर ओढण्याचा आकडा कितीही मोठा असला तरी ती गाडी माझ्या उपयोगाची नाही. तो भार पडद्यावर दाखवणारा सेन्सर आणि मागची बाजू आपोआप समपातळीत आणणारे एअर सस्पेंशन मिळाले तर फार बरे होईल.

बॅटरी पूर्ण भरलेली असताना रीजनरेशन जवळजवळ बंद पडते आणि गाडी रोखण्याचे काम साध्या ब्रेकवर येते. त्यामुळे डोंगरमाथ्यावरून पूर्ण चार्ज करून ओझ्यासह उतरणाऱ्या चालकाला गाडीने आधीच सावध करावे, एवढेही पुरेसे आहे. ट्रेलर जोडण्याचा घडी होणारा दांडा (टो-बार) आणि ट्रेलरच्या दिव्यांसाठीचे तेरा पिनांचे सॉकेट कारखान्यातूनच बसवून यावे. मुक्कामी दिवे आणि शेगडी चालवण्यापुरता, साधारण साडेतीन किलोवॉटचा वीजपुरवठा गाडीतून मिळावा.

आता चार्जिंगच्या झाकणाविषयी. त्या प्रवासातल्या चार्जिंग स्थानकावर जागा मोटारीपुरतीच होती, केबल आखूड होती आणि झाकण गाडीच्या मागच्या कोपऱ्यात होते. ट्रेलर जोडलेला असताना तिथे मागे घेऊन गाडी लावणे शक्यच नव्हते. भर पावसात मी उतरले, चाकांखाली ठोकळे लावले, टेकूचे चाक फिरवून खाली घेतले, दिव्यांची वायर आणि सुरक्षा तार काढली आणि कॅरॅव्हॅन एका कडेला सोडून दिली. चार्जिंगला अर्धा तास लागला आणि सोडण्या-जोडण्यात त्याच्याइतकाच वेळ गेला. झाकण पुढच्या चाकाच्या वर, कोपऱ्याजवळ असते, तर निदान रिकाम्या स्थानकावर नाक आत घालून, ट्रेलर न सोडता काम झाले असते. म्हणून नव्या गाडीची जी छायाचित्रे प्रसिद्ध होतात, त्यांत मी सर्वप्रथम पुढच्या चाकाच्या वरचा पत्रा मोठा करून पाहते. आतापर्यंतच्या एकाही छायाचित्रात तिथे झाकणाची रेघ दिसलेली नाही.