शेवंती जगवणारी रोपवाटिका : आमची वाटचाल

२०११ साली पुण्याजवळ सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या पुढे, आम्ही दोघा भावांनी भाड्याच्या जागेत रोपवाटिका सुरू केली. दिवाळीपासून शेवंतीच्या कुंड्या भराभर खपायच्या. फेब्रुवारीत तेच गिऱ्हाईक सांगायचं, "फुलं संपली, टाकून दिली." शेवंती बहुवर्षायू आहे. फुलं सुकली तरी बुडाशी झाड जिवंत असतं. म्हणून विक्रीसोबत आम्ही देखभालीचं काम हाती घेतलं. विक्री घटेल, अशी घरच्यांना धास्ती होती. मला वाटत होतं, ज्याचं झाड जगेल तोच माती-खताला परत येईल, आणि तसंच झालं.

आमची पद्धत साधी. बहर ओसरला की खोडं चार बोटं ठेवून छाटायची. बुडातून मुनवे, म्हणजे नवे कोंब, फुटतात. ते मुळांसकट वेगळे करून उन्हाळाभर अर्धसावलीत सांभाळायचे, जूनमध्ये नव्या मातीत लावायचे. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. बाजूच्या फांद्या वाढल्या की त्यांचेही. लोकांचा इथे हात आखडतो, पण खुडल्याशिवाय झाड भरत नाही. ऑगस्टअखेर मात्र खुडणं बंद! रात्री मोठ्या होऊ लागल्या की शेवंती कळ्या धरते, आणि उशिरा खुडलं तर त्याच जातात. पावसाळ्यात कुंडी विटांवर ठेवायची, पाणी बुडाशी घालायचं. पानं सतत ओली राहिली की काळे ठिपके पडतात.

कोथरूडच्या एका काकूंचं झाड हिरवंगार, पण नोव्हेंबर आला तरी कळी नाही. गॅलरीत रात्रभर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड. शेवंतीला सलग अंधार लागतो. कुंडी मागच्या बाजूला हलवली आणि झाड उशिरा का होईना, फुललं. तेव्हापासून कुंडी देताना आम्ही आधी दिव्याची चौकशी करतो.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. बाजारातल्या ठेंगण्या कुंड्यांना बऱ्याचदा वाढ रोखणारी औषधं दिलेली असतात. पुढच्या वर्षी तेच झाड उंच झालं तर बिघडलं असं समजू नका, काठीचा आधार द्या.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन पाहून आलेली मंडळी मोठ्या फुलाची शेवंती मागतात. त्यांना आम्ही एका फांदीवर एकच कळी ठेवायला शिकवतो. फेब्रुवारीत कुंडी आणून दिलीत तर छाटणी फुकट करून देतो. जादा मुनवे निघाले तर तेवढे आमच्याकडे ठेवा. झिप्री या शेवंतीच्या जुन्या जातीचे असतील तर नक्कीच.