आमची वाटचाल : फाटकापासून पोर्चपर्यंत

ड्राइव्हवे बदलायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "स्क्वेअर फुटाला काय घ्याल?" आम्ही आधी एक खड्डा खणून बघतो, मग भाव सांगतो. या सवयीपायी बरीच गिऱ्हाइकं गेली. इंदूरमध्ये आमचं नाव आहे तेही तिच्यामुळेच.

सुरुवात लोकमान्य नगरातल्या घराच्या पडवीतून झाली. भांडवल माझं आणि हुन्नर मिस्त्रीचाचांचं. आमची पहिली मोठी खरेदी म्हणजे जुनं प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे जमीन ठोकून दाबणारं यंत्र. चाचा ते दुसऱ्या कुणाला चालवू देत नसत. मुरूम सैल असेपर्यंत यंत्र नुसतं घसटत जातं. दबला की उडायला लागतं, आवाजही टणक होतो. त्या आवाजावर चाचा थर पास करायचे. सहा इंचांचा एक थर, पाणी, दाब, मगच पुढचा. थर न दाबता वरचा टाकला तर तगारी घेऊन चालते व्हायचे, आणि मग मला त्यांच्या घरी जाऊन समजूत काढावी लागे.

मधली वर्षं बरी गेली. मग बायपासजवळच्या कॉलनीचं काम आलं.

रांगेने बंगले, सगळ्यांचे ड्राइव्हवे फुटलेले. कोटेशनमध्ये आम्ही प्रत्येक गोष्ट वेगळी दाखवली. साधारण बारा बाय तीसचा ड्राइव्हवे धरा. जुना चार इंची स्लॅब फोडला की दोन ट्रॉल्या मलबा. खाली माळव्याची काळी माती, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात बोटभर फाटणारी. ती फूटभर काढायची म्हणजे आणखी चार-पाच ट्रॉल्या. मग मुरूम, गिट्टी, आणि शेवटी चार इंचांचं नवं एम-२० दर्जाचं काँक्रीट, त्याला सिमेंटच्या सत्तावीस-अठ्ठावीस गोण्या. गिऱ्हाइकाला शेवटचा आकडाच कळतो, कारण तोच डोळ्यांना दिसतो.

आमच्याकडेच काम शिकलेल्या एका सद्गृहस्थांनी ते कोटेशन मिळवलं आणि निम्म्या भावात काम उचललं. आमची दोन माणसंही उचलली. खोदाई नाही की मुरूम नाही. काळ्या मातीवर गिट्टीची चुरी पसरून वर पेव्हर ब्लॉक. कागदावर ६० मिमी, ट्रकमधून उतरले ते ५० मिमी. ६० लिहून ५० चा ब्लॉक घालतात का? इकडे आम्ही त्या कामाच्या भरवशावर मालाचे आगाऊ पैसे भरून बसलेलो. त्या वर्षी मजुरी चुकवायला घरातलं सोनं गहाण पडलं. चाचांनी तीन महिने पगाराचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर चाकांच्या रेषेत नाल्या पडल्या आणि कॉलनीचा फोन आला. बोलणं गोड, पण दर मात्र त्यांचाच हवा! मी नाही म्हणालो, आणि आजही म्हणेन.

आम्हाला तारलं ते टिळक नगरच्या काकूंनी. त्यांचा ड्राइव्हवे आम्ही फार आधी केलेला. त्या फोन करून भिशीतल्या बायकांना घरी बोलवत, फाटक उघडून दाखवत आणि म्हणत, "पाणी ओता, बघा कुठे साचतं का." साचत नाही, कारण तीस फुटांत सात इंच उतार रस्त्याकडे दिलाय. त्या एका फाटकातून आम्हाला जितकी कामं मिळाली तितकी जाहिरातीतून कधीच मिळाली नाहीत.

आता कुणी विचारलं नाही तरी सांगतो. जुन्या स्लॅबवरच ब्लॉक बसवून देतो म्हणणाऱ्याला आधी तुमचं फाटक उघडून दाखवायला सांगा. जमिनीची उंची वाढली की ते अडतं. मलबा कोण उचलणार हे कोटेशनमध्ये लिहून घ्या, नाहीतर रस्त्यावर टाकला की महापालिकेचा दंड तुमच्याच नावावर. काँक्रीट असेल तर दर आठ-दहा फुटांवर सांधा कापून घ्या. सात दिवस पाणी मारा, आणि मेहुण्याची जड गाडी अठ्ठावीस दिवस बाहेरच राहू द्या. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून जुनं कोटेशन घेऊन बसला असाल तर नवं मागा.

चाचा आता साइटवर फक्त खुर्ची टाकून बसतात. कॉम्पॅक्टर त्यांचा मुलगा चालवतो, आवाज ते ऐकतात. सध्या मार्च ते मेचं बुकिंग घेतोय. जूनमध्ये खोदाई करून द्या म्हणणाऱ्यांना आम्ही दिवाळीनंतरची तारीख देतो.