तुम्ही विचारलंत म्हणून: दुर्बीण झाकून का ठेवता?

आमच्या आकाशदर्शनाला येऊन गेलेली माणसे मला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला तास दुर्बिणीवर चादर का घालून ठेवता, हा एक. आणि शनी पाहून झाल्यावर ‘काय दिसले ते कागदावर काढून दाखवा’ असे शाळामास्तरासारखे का सांगता, हा दुसरा. पहिल्याचे तयार उत्तर माझ्यापाशी आहे: डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात, तोवर मृग, रोहिणी, कृत्तिका नुसत्या डोळ्यांनी ओळखून घ्याव्यात. हे खोटे नाही. पण तेवढ्यासाठी कोणी दुर्बीण झाकत नाही हे विचारणाऱ्यालाही कळते, आणि म्हणून प्रश्न पुन्हा येतो. आता एकदाचे खरे कारण लिहून टाकतो.

फेब्रुवारी 2006 मधील अमावास्येआधीचा शनिवार होता. शनी तेव्हा पुष्याच्या धूसर पुंजक्याजवळ होता, नऊच्या सुमारास चांगला वर आलेला, आणि त्याची कडी भरपूर कललेली. वांगणीजवळच्या एका माळावर दीडशेच्या आसपास माणसे रांगेत उभी होती. दुर्बीण आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे हाताने ढकलायची, मोटर नसलेली. आठ मिलिमीटरच्या नेत्रिकेने, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाने, दीडशेपट वर्धन मिळत होते. अशा वेळी आकाशाचा पौर्णिमेच्या चंद्रबिंबाहूनही लहान तुकडा दिसतो, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे अगदी मध्यावर आणून ठेवलेला शनी पाऊण मिनिटात कडेला जाऊन नाहीसा होतो. म्हणून दर दोन माणसांनंतर आपण स्वतः डोळा लावून नळी सरकवायची, हा साधा नियम आहे. त्या रात्री मी तो मोडला, कारण मी बोलत होतो. गॅलिलिओला 1610 मध्ये शनी तीन गोळ्यांचा दिसला, 1612 मध्ये बाजूचे दोन गोळे नाहीसे झाल्यावर तो चक्रावला, आणि ती कडी असल्याचे पुढे हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने सांगितले, हा भाग आला की मी रंगात येतो.

“दिसला का?” “हो, दिसला.” “कडी दिसली?” “हो हो, मस्त.” रांग अशी पुढे सरकत होती. सत्तरीच्या एक बाई सुनेचा खांदा धरून स्टुलावर चढल्या. त्यांनी डोळा लावला आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. खाली उतरल्यावर त्यांनी चपला बाजूला काढल्या, दुर्बिणीसमोर दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, “आज डोळ्यांचं पारणं फिटलं, बाळा.” साडेसातीवरचा एक विनोद माझ्या ओठांवर आला होता. तो मी गिळला, याचे मला स्वतःचेच कौतुक वाटले.

त्यानंतर आणखी तिघांनी पाहिले. मग कोणीतरी चहाचा कप हातात दिला, तेवढ्यात सहज म्हणून मी नेत्रिकेला डोळा लावला. आत नुसता काळोख होता. कोणाचा तरी हात टेकून, स्टूल लागून, नळी शनीपासून चांगली दोन अंश सरकलेली होती. शेवटची दुरुस्ती कधी केली ते आठवत मी एकेक चेहरा मोजत मागे गेलो. निदान अकरा जण झाले होते, आणि अकराही जण हो म्हणाले होते.

बाई चहाच्या पातेल्यापाशी, तीस पावलांवर उभ्या होत्या. हाक मारता आली असती. मी शनी पुन्हा मध्यावर आणला आणि म्हणालो, “चला, पुढचे या.” रांगेत अजून साठ माणसे होती, लोकांना शेवटची लोकल गाठायची होती, ही कारणे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला दिली. खरे एवढेच की, ज्यांनी चपला काढून हात जोडले त्यांना ‘आत काहीच नव्हते’ असे सांगायची मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी अहवालात मी लिहिले, ‘दीडशे जणांना शनिदर्शन घडवले.’ तो आकडा लिहिणाऱ्या माणसाशी माझे अजून भांडण आहे. तो मात्र माझ्याकडे पाहून म्हणतो की, निदान तेव्हा गर्दी तरी होत होती.

मोटर लावा, असे अनेकांनी सुचवले. लावली. शनी आता तासभर जागचा हलत नाही. पण त्या वर्धनाला नेत्रिकेतून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत दीड मिलिमीटरपेक्षाही बारीक असतो. डोळा जरा बाजूला गेला, चष्मा आड आला, भिंगावर दंव धरले, की पुन्हा काळोखच. आणि मागे रांग असल्यामुळे माणूस पुन्हा ‘दिसला’ म्हणून मोकळा होतो. म्हणून कागद. आणि म्हणूनच पहिला तास चादर: सप्तर्षींमध्ये वसिष्ठाशेजारी अरुंधती दिसत नसेल, तर ‘दिसत नाही’ असे चारचौघांत मोठ्याने म्हणायचा सराव त्या तासात होतो. दुर्बीण उघडी असली की कोणाचे लक्ष तिकडून हलत नाही.

आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याला हे कधीच पटले नाही. “चूक तुमची, आणि परीक्षा लोकांनी का द्यायची?” असे विचारून तो यायचा थांबला. गर्दी निम्म्यावर आली, काही जण शनी न पाहताच उठून जातात. त्याचे म्हणणे खोडून काढणारे उत्तर मला आजही सापडलेले नाही.

शिवाय कागदावर तरी किती भरवसा ठेवायचा? नोव्हेंबर 2025 मध्ये कडी आपल्याकडे जवळजवळ धार करून उभी होती. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना सुईसारखी रेघ, एवढेच दिसत होते. मोटर चालू होती, प्रत्येकाच्या आधी मी स्वतः पाहिले होते. तरीही पाचसहा कागदांवर पुस्तकातली रुंद, ऐसपैस कडी आली. एका मुलाने फक्त एक ठिपका काढून त्यातून आडवी रेघ ओढली होती, आणि कागद माझ्या हातात देताना त्याने विचारले, “चुकलं का?” मी नाही म्हणालो. रुंद कडी काढणाऱ्यांचे कागद मी घडी घालून खिशात ठेवले, आणि त्यांनाही ‘छान’ म्हणालो.