मी काय बोलले?

सुहास सांगत नाही. मनीषाताई फोनवर हसतात आणि म्हणतात, "अगं, औषधाच्या अंमलात माणूस काय वाटेल ते बोलतं, मनावर नको घेऊस." मनावर घेण्यासारखं काहीतरी होतं, एवढं तरी त्यावरून कळलंच.

ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे नळी घालून फुप्फुसं आतून बघायची तपासणी, पार पडली, त्रासही फारसा झाला नाही. इथेच विषय संपायला हवा होता. मला आठवतंय ते इतकंच: घशात मारलेला लिग्नोकेनचा, बधिर करायच्या औषधाचा कडू फवारा, मग जीभ जड, आवंढा गिळला की नाही तेच कळेना. एका नाकपुडीत ऑक्सिजन, दुसरीत गार जेली, बोटाला चिमटा. सिस्टर म्हणाल्या, "झोप येईल हं आता, खोकला आला तर येऊ दे." त्यानंतर एकदम रिक्षा आणि टिळक रोडचा सिग्नल. मधलं काही नाहीच. मिडाझोलामचं, त्या गुंगीच्या इंजेक्शनचं, असंच असतं म्हणे. माणूस पुरता झोपत नाही, सांगितलेलं ऐकतो, विचारलं तर उत्तरही देतो, फक्त त्यातलं काही आठवणीत राहत नाही. डॉक्टरांनी म्हणे मला स्क्रीनवर माझीच श्वासनलिका दाखवली, जिथून ती दोन फुप्फुसांकडे फुटते ती जागा, आणि मी मान डोलावली! माझ्या आतलं सगळ्यांनी बघितलं, मी सोडून.

बरं, नळी स्वरयंत्रातून खाली गेलेली असताना बोलता येत नाही. म्हणजे जे काही बोलले ते नंतर, कॉटवर. घसा बधिर असतो, पाण्याचा घोट चुकून श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून दोन तास पाणीसुद्धा द्यायचं नसतं. ते दोन तास. उशाशी सुहास, मनीषाताई आणि आई. आईही होत्या, हे मला घरी आल्यावर कळलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत आईंचा, कबुतरांच्या ज्वारीचा डबा नव्हता.

बोर्नव्हिटाचा जुना डबा, त्यात वाटी. इतकी वर्षं तो कुंड्यांच्या मागेच असायचा. रिपोर्ट अजून यायचे होते. कबुतरांचं नाव त्याआधी निघालं होतं ते एकदाच, ओपीडीत. डॉक्टरांनी सीटी बघून विचारलं, "घराजवळ कबुतरं आहेत का?" त्यावर सुहास म्हणाला, "पुण्यात कुठे नाहीत?" सगळे हसले, आई हसल्या, मीही हसले. मग डबा उचलला कुणाच्या बोलण्यावरून?

काल रात्री रडू आलं. खोकून खोकून बरगड्या दुखतायत, जिना चढले की धाप, गादीवर उशांचा डोंगर रचून झोपायचं, आणि वर हे. इतकी वर्षं तोंड सांभाळलं. शब्दाला शब्द वाढवला नाही, पिठाच्या गिरणीपासून गौरीच्या नैवेद्यापर्यंत. आणि एका इंजेक्शननं दोन तासांत सगळं... नक्की काय, तेच तर माहीत नाही. माझंच बोलणं, आणि ते मला सोडून बाकी तिघांकडे आहे. (बाबांच्या वेळी ही तपासणी झाली असती तर, हेही डोक्यात येत होतं. ते नको आज.)

झोप येईना म्हणून मोबाइलवर वाचत बसले. 1897 मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला किलियान नावाच्या डॉक्टरांनी एका शेतकऱ्याच्या उजव्या श्वासनलिकेत अडकलेलं डुकराचं हाड सरळ, कडक नळी घालून बाहेर काढलं. ब्रॉन्कोस्कोपीची सुरुवात तिथली. घशाला कोकेन लावून बधिर केलं होतं, बस्स. वाकणारी बारीक नळी 1960च्या दशकातली, जपानच्या शिगेतो इकेदांची. त्या शेतकऱ्याचे हाल झाले असणार, पण निदान आपण काय बोललो ते त्याला माहीत असेल. रात्री दोन वाजता मला त्याचा हेवा वाटला, इथवर मजल गेली.

आज रिपोर्ट आले. टीबी नाही, जीन एक्सपर्ट या झटपट चाचणीत नाही, कल्चर मात्र, म्हणजे जंतू वाढतात का ते बघायला, सहा आठवडे ठेवतात. कर्करोगाच्या पेशी नाहीत. सलाइन आत सोडून परत ओढून घेतलं होतं, त्या पाण्यात लिम्फोसाइट्स, एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, 48 टक्के. एरवी पंधराच्या आत असतात. डॉक्टर म्हणाले, सीटी आणि हे जुळतंय, कबुतरांची विष्ठा आणि पिसांतल्या प्रथिनांची ॲलर्जी, फुप्फुसाला आलेली सूज. स्टिरॉइड सुरू, आणि कबुतरं बंद. नुसत्या गोळ्या घेऊन भागणार नाही.

म्हणजे मी जे काही बोलले असेन, ते लॅबच्या आधी बोलले. संध्याकाळी चहा पिताना याचं हसू आलं. आईंनी विचारलं, "काय गं?" म्हटलं, काही नाही. आता त्यांना विचारायची हिंमत मला नाही आणि सांगायची त्यांना नाही. बरोबरी झाली. आणि डबा उचलताना त्यांना काय वाटलं असेल, हे मला अजून नीट... असो.

गॅलरीला जाळी बसवायचीय. जाळीवाल्याशी घासाघीस आईच करत होत्या, "अहो, घरात आजारी माणूस आहे, काही कमी करा." मला बघून आवाज खाली आणला. मी म्हटलं, पांढरी सांगा. पांढरी लगेच मळते म्हणाल्या. काळीच येणार.