कारखान्याच्या जागेवर फ्लॅट घ्यावा का?

‘जुन्या कंपनीची जागा आहे, तिथे टॉवर होतोय. बिल्डर म्हणतो सॉइल टेस्ट झालीय, रिपोर्ट चांगला आलाय. घ्यायला हरकत नाही ना?’ जमिनीत मुरलेलं इंधन शोधणं हा माझा व्यवसाय आहे हे एकदा कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न येतो. कधी भांडुप, कधी कुर्ला, कधी लालबाग-परळ. जागा बदलते, प्रश्न तोच.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बिल्डर खोटं बोलत नाही. सॉइल टेस्ट झालेलीच असते, पण ती इमारतीचं वजन जमीन पेलेल का हे बघायला. खडक किती खोलीवर लागतो, माती किती घट्ट आहे, पाया कसा घ्यायचा, एवढंच त्यातून कळतं. त्या मातीत डिझेल आहे का, हे त्यात कोणी मोजत नाही. बोअर मारणाऱ्या पोरांना वास येतो, ती नाक मुरडतात आणि पुढच्या बोअरला लागतात. वासासाठी त्या फॉर्मात रकानाच नसतो.

आमची तपासणी वेगळी. ती मशीन लावायच्या आधी सुरू होते, आणि खरं तर निम्मी तिथेच होते. गिरणी म्हटलं की लोकांना साचे आणि भोंगा आठवतो. मी आधी बॉयलर हाऊस कुठे होतं ते विचारतो. आधी कोळसा, मग बऱ्याच ठिकाणी फर्नेस ऑइल. त्याची टाकी, टाकीपासून बॉयलरपर्यंतची पाइपलाइन, जनरेटरचं डिझेल, कंपनीच्या ट्रकांसाठी आवारातच बसवलेला पंप. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर कित्येक गिरण्या धड उभ्याच राहिल्या नाहीत. यंत्रं भंगारात गेली, कारण त्यांना भाव होता. जमिनीखालची टाकी उकरून काढायला उलट पैसे लागतात.

मोठ्या साठ्याला नागपूरच्या विस्फोटक खात्याचा परवाना लागतो आणि त्याला नकाशा जोडलेला असतो. तो मिळाला तर उत्तमच. तरी मी निवृत्त फिटर शोधतो. नकाशात दोन टाक्या असतात. फिटर सांगतो, तिसरी गेटजवळ होती, गळायला लागली म्हणून वाळू भरून बंद केली. नकाशा आणि फिटर यांचं पटेना, तर मी फिटरच्या बाजूने बोअर मारतो.

मुंबईची जमीन या कामाला सोपी नाही. वरती भराव: राख, विटा, डेब्रिज. त्याखाली पूर्व किनाऱ्याकडे, शिवडी-वडाळ्याला, खाडीची चिकट माती. इतर बऱ्याच ठिकाणी मुरूम आणि मग काळा दगड. गळालेलं तेल भरावात जुन्या गटारांच्या आणि पाइपांच्या कडेकडेने पळतं. चिकणमातीवर अडतं. दगडात मात्र ते भेगांतूनच जातं, आणि भेगा कोणाला विचारून पडत नाहीत. दहा फुटांवरच्या दोन बोअरपैकी एक स्वच्छ निघते, दुसरीत तवंग. म्हणून ‘चारही बोअर क्लीन’ असं कोणी म्हटलं की त्याचा अर्थ एवढाच, की ती चार भोकं क्लीन आहेत.

त्याहून जास्त फसवतं ते पाणी. डिझेल-पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे भूजलापर्यंत उतरतं आणि त्यावर पसरतं. पण इथे भूजल एका जागी राहत नाही. पावसाळ्यात वर येतं, मे महिन्यापर्यंत खाली जातं, किनाऱ्याजवळ भरती-ओहोटीबरोबरही हलतं. या वरखालीत तेल मातीच्या कणांना माखून बसतं. ऑगस्टमध्ये पाणी चढलं की बरंच तेल त्या पाण्याखाली मातीत अडकतं आणि तपासणीसाठी बोअरमध्ये उभ्या ठेवलेल्या पाइपमधला तेलाचा थर पातळ होतो, कधी नाहीसाच होतो. मेमध्ये तोच पाइप उघडा, थर परत हजर. त्यामुळे कोणी रिपोर्ट हातात दिला की मी आकड्यांच्या आधी नमुना घेतल्याची तारीख बघतो. त्यानंतर पाइपची जाळी कुठे आहे ते बघतो. पाइपला पाडलेल्या चिरा पाण्याच्या पातळीच्या वर आणि खाली, दोन्हीकडे हव्यात. सगळ्या चिरा खोल पाण्यात ठेवल्या तर वर तरंगणारं तेल पाइपमध्ये शिरणारच नाही. हे अज्ञानाने होतं की हुशारीने, ते तुम्ही ठरवा.

नमुन्याचंही तसंच. पेट्रोलमधलं बेन्झीन उडून जातं, म्हणून पाणी ४० मिलिलिटरच्या काचेच्या छोट्या बाटलीत, एकही बुडबुडा न ठेवता भरायचं आणि बर्फात घालून लॅबला न्यायचं. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत भरून, दुपारच्या उन्हात रिक्षातून नेलेला नमुना लॅबला पोचेपर्यंत बराच सुधारलेला असतो.

लोक काळ्या, घट्ट तेलाला घाबरतात. फर्नेस ऑइल दिसायला भयंकर, पण ते फारसं हलत नाही. खणून काढता येतं. पेट्रोल उलटं. दिसत नाही, पण त्यातलं बेन्झीन पाण्यात विरघळून लांब जातं आणि त्याची वाफ मातीतून वर येते. बेन्झीनने कॅन्सर होतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. मातीसाठी आमच्या अहवालांत वर्षानुवर्षं डच आकडे दिसतात, खनिज तेल किलोमागे ५००० मिलिग्रॅम. मुंबईच्या भरावाला हॉलंडचं माप लावताना मला अजून अवघडल्यासारखं होतं. २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम आणले. ते कारखान्याच्या आवारात किती उतरतात ते बघायचं.

गळती कधीची, हेही विचारतात. टाकीजवळच्या मातीत शिसं सापडलं तर काही पेट्रोल फेब्रुवारी २००० च्या आधीचं असू शकतं, कारण तेव्हापासून देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. पण शिसं जुन्या रंगातून, बॅटऱ्यांतूनही येतं. हा सुगावा, पुरावा नव्हे. रिपोर्टवर नेमकं साल छापणाऱ्यांपासून जरा सावध राहा.

आता तुमचा फ्लॅट. बाविसाव्या मजल्यावर जमिनीतलं तेल तुमच्यापर्यंत येत नाही. पिण्याचं पाणी तानसा-वैतरणा-भातसाहून येतं. वाट उरते ती दोन ठिकाणी: सोसायटीची बोअरवेल, जिचं पाणी फ्लशला आणि बागेला जातं, आणि बेसमेंट. तळघर खोदताना महिनोन्‌महिने पंप लावून पाणी उपसतात. पाण्याबरोबर शेजारच्या प्लॉटखालचं तेलसुद्धा ओढलं जातं, म्हणजे तुमची जागा स्वच्छ असली तरी खड्डा तिला तशी ठेवेलच असं नाही. नंतर वाफ साचली तर तळघरात, जिथे पंपवाला आणि वॉचमन बसतो. आणि त्याच्याही आधी, विनामास्क खड्ड्यात उतरतो तो बिगारी. त्याने मला फ्लॅट घ्यावा का असं कधी विचारलेलं नाही.

मग घ्यायचा का? मी हो-नाही सांगत नाही. बिल्डरकडे या गोष्टी मागा: जुन्या कारखान्याच्या नकाशावर टाकलेल्या बोअरच्या जागा, पाण्याचे नमुने कुठल्या महिन्यात घेतले ते, तळघराचे एक्झॉस्ट पंखे किती वेळ चालतात ते, आणि खोदलेली माती कुठे गेली ते. पहिलं कधीकधी मिळतं. मातीचं विचारलंत तर डंपरवाल्याचा नंबर मिळेल, आणि त्याला फोन केलात तर तो विचारेल, ‘भरणी पाहिजे का साहेब? किती गाड्या?’