बाथ: एका दिवसात काय पाहावं, काय सोडू नये

लंडनहून स्टोनहेंज आणि बाथ शहर एकाच दिवसात उरकणाऱ्या बस-सहली मिळतात. त्यांच्या नादी लागू नका. बाथला अख्खा दिवस द्या, जमल्यास मुक्काम करा. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून थेट ट्रेनने साधारण दीड तास लागतो आणि बाथच्या स्टेशनाबाहेर पडलं की सगळं पायी फिरता येतं.

रोमन बाथ्सचं, म्हणजे रोमनांनी गरम झऱ्यावर बांधलेल्या स्नानगृहांचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा आणि सकाळची पहिली वेळ घ्या. दुपारी गर्दीत काहीच नीट बघता येत नाही. वज्रेश्वरीची कुंडं पाहिलेल्यांना वाफांचं अप्रूप नसेल, पण इथे 46 अंशांचं पाणी रोज दहा लाख लिटरहून जास्त वर येतं आणि जादाचं पाणी आजही रोमनांनी बांधलेल्या गटारातूनच नदीकडे जातं. त्यातल्या लोहाने दगड तांबूस-नारिंगी झालेत. लोक फोटो काढून पुढे सटकतात. तुम्ही तिथे जरा थांबाच.

तिथल्याच संग्रहालयात शिशाचे छोटे पत्रे आहेत. काही चोरीला गेलं की लोक सुलिस मिनर्व्हा देवीला त्यावर गाऱ्हाणं लिहून झऱ्यात टाकत. डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले, तर त्याने चोराची बुद्धी आणि डोळे जावेत असं मागितलंय! मला अख्ख्या संग्रहालयात हेच सगळ्यात जिवंत वाटलं.

या कुंडातल्या पाण्याला हात लावायचा नाही, ते शुद्ध केलेलं नाही. डुंबायचं असेल तर जवळच थर्मे बाथ स्पा आहे, गच्चीवरच्या तलावासकट. पोहण्याचे कपडे सोबत ठेवा.

दुपारी पुल्टनी पूल पाहून सर्कस नावाच्या गोलाकार घरांच्या चौकातून रॉयल क्रेसेंटला जा. 1767 ते 1774 दरम्यान बांधलेली 30 घरांची ती अर्धचंद्राकार रांग समोरच्या हिरवळीवरून फुकट बघता येते. चढ आहे, वडीलधाऱ्यांना सावकाश न्या.

आणि न्यू किंग स्ट्रीटवरचं खगोलशास्त्रज्ञ हर्शेल यांचं घर चुकवू नका. विल्यम हर्शेल इथे पोटासाठी संगीत शिकवत, ऑर्गन वाजवत. 13 मार्च 1781 रोजी मागच्या बागेतून त्यांना युरेनस ग्रह सापडला. बहीण कॅरोलाइन त्यांच्यासोबत राबायची. पुढे तिने स्वतः धूमकेतू शोधले. दुर्बिणीच्या आरशासाठी वितळवलेला धातू सांडून तडकलेल्या फरश्या कार्यशाळेत अजून तशाच आहेत. घर लहान, जिने अरुंद. उघडण्याचे दिवस आधी वेबसाइटवर बघून घ्या.