सराटा

पंक्चर काढून झालं की पैसे किती झाले हे मी नंतर विचारते. आधी विचारते, "मामा, काटा कोणता निघाला?"

कोपऱ्यावरचे पंक्चरवाले मामा आता या प्रश्नाला सरावले आहेत. ते टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात. नुसतं बोट फिरवलं तर काटा बोटातच जायचा. कापूस मात्र टोकाला अडकतो आणि गुन्हेगाराची जागा दाखवतो. मग पकडीने ओढून ते काटा माझ्या तळहातावर ठेवतात. "घ्या ताई, तुमचा दागिना." लांब, सरळ आणि पांढुरका असेल तर बाभूळ. बुटका, आकड्यासारखा वळलेला असेल तर बोर. आणि खड्याएवढ्या गाठीला दोन शिंगं फुटलेली असतील तर सराटा. बहुतेक वेळा सराटाच असतो.

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सायकल चालवते. हे वाक्य लग्नकार्यात म्हटलं की समोरची बाई आधी माझ्या गुडघ्यांकडे बघते. सायकल, म्हणजे डोंगरवाटांवर चालवायची माउंटन बाइक, मुळात माझी नव्हती. भाचा नोकरीसाठी अमेरिकेला निघाला, आयडाहो राज्यातल्या बॉयसी नावाच्या गावाला, आणि जाताना "मावशी, दोन महिने ठेव, विकून टाकू" म्हणून गॅलरीत उभी करून गेला. दोन महिने तिने माझे ओले टॉवेल वाळवले. मग एका रविवारी, निव्वळ टॉवेल काढायचा कंटाळा आला म्हणून, मी ती खाली उतरवली.

लहानपणी मी पुण्यात सायकल चालवलीच होती. तेव्हा सगळेच चालवायचे. पण त्या सायकलीला निर्णय नसायचे. लेडीज की जेंट्स, वीस इंची की बावीस, संपलं. ही सायकल म्हणजे प्रश्नपत्रिका होती. चाक साडेसत्तावीसचं बरं की एकोणतीसचं, पुढे दात्यांची चक्रं दोन हवीत की एकच, हँडल किती रुंद, सीट वरखाली करायला हँडलवर बटण हवं की नको. भाच्याच्या मित्रमंडळींच्या ग्रुपमध्ये त्याने मला घातलं, तर तिथे ब्रेकची चकती १६० मिलिमीटरची की १८०ची यावर दोन मुलगे रात्री एक वाजेपर्यंत भांडत होते. दोघांपैकी एकाची सायकल सहा महिने पंक्चर होऊन पार्किंगमध्ये पडलेली आहे हे मला मागाहून कळलं.

पेडलांनी मला पहिला धडा दिला. भाच्याच्या सायकलीला बूट अडकवायची पेडलं होती. बुटाच्या तळाला लोखंडी पट्टी, ती पेडलात खट्‌कन बसते आणि सोडवायची तर टाच बाहेर फिरवायची. गंमत म्हणजे यांना 'क्लिपलेस' म्हणतात. पूर्वी पाऊल अडकवायला पिंजऱ्यासारखी क्लिप असायची, ती गेली म्हणून नाव क्लिपलेस, आणि बूट मात्र पूर्वीपेक्षा घट्ट अडकतो. मी बूट मागवले, सोसायटीच्या आवारात सराव केला आणि टेकडीवर गेले. चढ संपतो तिथे सपाटीवर हास्यक्लब चालू होता. श्वास घ्यायला थांबले. थांबले म्हणजे सायकल थांबली, पाय पेडलातच. झाड तोडल्यासारखी मी सावकाश, अगदी इतमामाने, डावीकडे आडवी झाले. हास्यक्लबाचं त्या दिवशीचं हसू अगदी मनापासूनचं होतं. संध्याकाळी मी साधी, सपाट, खिळेवाली पेडलं बसवून घेतली. त्या खिळ्यांनी माझ्या नडगीवर जी नक्षी काढली आहे ती पाहून आमच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "मांजर पाळलंय का?"

पण खरी गोष्ट हवेची आहे.

पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जे जाड दांडे असतात, त्यांत स्प्रिंग असते असं मी धरून चालले होते. चार महिने मी खडकांवरून जात होते आणि संध्याकाळी मनगटांना तेल चोळत होते. मला वाटायचं, खेळच असा आहे. मग भाच्याने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "मावशी, दांडा दबला की त्यावरचं रबरी कडं कुठपर्यंत सरकतं?" मी म्हटलं, सरकत नाही, जागच्या जागीच आहे. तो इतका हसला की कॉल कट झाला. त्या दांड्यात स्प्रिंग नसते, हवा असते. आणि ती चालवणाऱ्याच्या वजनानुसार भरायची असते. भाचा ८२ किलोचा, मी ५८ची. त्याच्या वजनाची हवा तशीच आत होती, दाब नव्वद पीएसआयच्या पुढे. माझ्यासाठी तो सस्पेन्शन नव्हता, पहार होती. छोट्या पंपाने हवा साठाच्या आसपास आणली, सीटवर बसले, आणि शंभर मिलिमीटरच्या प्रवासातले वीस-पंचवीस मिलिमीटर ती नळी नुसत्या माझ्या असण्याने खाली बसली. आपल्या वजनाला कुणीतरी दाद दिली याचा बाईला एवढा आनंद होण्याचा प्रसंग तो पहिलाच असेल.

मग टायर. आपल्याकडे हवा भरण्याचा एकच मापदंड आहे: टाइट. मामा अंगठ्याने दाबून बघतात आणि अंगठा दबला तर त्यांना अपमान वाटतो. पहिल्यांदा मी म्हटलं, "मामा, पस्तीसच भरा," तर ते म्हणाले, "ताई, पस्तीसमध्ये लेकराची सायकल पण जात नाही." आधी तर त्यांच्या पंपाचं तोंडच बसेना, कारण या सायकलीचा व्हॉल्व्ह बारीक सुईसारखा. शेवटी एक पितळी अडॅप्टर आणला, करंगळीच्या नखाएवढा. तो मी किल्ल्यांच्या जुडग्यात घातलाय आणि घरात सगळ्यात जास्त वेळा तोच हरवतो.

टाइट टायर रस्त्यावर ठीक. टेकडीवर मात्र मुरूम आहे. मुरूम म्हणजे बॉलबेअरिंगवर चालणं. कडक टायर त्यावरून टुणटुण उडतो, घसरतो, चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं. हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, खड्याला कवेत घेतो, पकडतो. पण फार कमी केली तर वेगळीच आफत. खडकाची धार आली की टायर आणि ट्यूब रिमपर्यंत चेपतात आणि ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, थेट साप चावल्यासारखी. म्हणजे जास्त भरली तर घसरा, कमी भरली तर चावून घ्या. हे मधलं कुठेतरी शोधणं हाच माझ्या मते या खेळातला सगळा हिशेब. बाकीच्या खरेद्या हौसेच्या.

आणि तसं बघितलं तर हा खेळ जन्मलाच टायरमधून. अमेरिकेत श्विन कंपनीने १९३३ मध्ये सव्वादोन इंचांच्या आसपासचे फुगीर टायर असलेल्या सायकली आणल्या. जड, दणकट. चाळीस वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरांनी त्याच जुन्या धुडांवर बसून डोंगर उतरायला सुरुवात केली. त्यांच्या एका उताराचं नाव रिपॅक. दोन-एक मैलांत १,३०० फूट खाली. मागचा ब्रेक चाकाच्या तुंब्यात असायचा. खाली पोचेपर्यंत तो इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि दर वेळी तुंबा उघडून नव्याने ग्रीस भरावं लागायचं, म्हणजे 'रिपॅक'. १९७६ मध्ये तिथे शर्यती सुरू झाल्या. वीस वर्षांनी, १९९६ला, हा खेळ अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये पोचला. रिपॅकवर मात्र ना सस्पेन्शन, ना चकतीचे ब्रेक. त्या पोरांकडे होता तो फक्त जाड टायर आणि भरपूर ग्रीस. ब्रेकच्या चकतीवरून भांडणाऱ्या मुलांना मी हे एकदा पाठवलं. त्यांनी अंगठा दाखवला आणि पुन्हा भांडायला लागले.

सलग तीन रविवार सराट्याने माझी ट्यूब खाल्ल्यावर मी ट्यूबच काढून टाकली. ट्यूबलेसमध्ये टायरच्या आत दुधासारखा एक पातळ द्राव ओततात. उग्र वास, हाताला लागला तर चिकट. भोक पडलं की हवेबरोबर तो द्राव भोकाकडे धावतो आणि तिथेच घट्ट होऊन बसतो. मामांना हे आवडलं नाही, धंद्याच्या मुळावर येणारी गोष्ट. पण बाटली हुंगून ते म्हणाले, "हा तर चीक आहे." आणि खरंच, बहुतेक अशा द्रावांत रबराचा चीकच असतो. वडाचं पान तोडलं, रुईची फांदी मोडली की पांढरा चीक येऊन जखम बुजवतो, तेच काम. झाडाने काटा मारायचा आणि झाडाच्याच चिकाने भोक बुजवायचं. उन्हाळ्यात मात्र तो लवकर सुकतो; दर दोन-तीन महिन्यांनी टायर हलवून आत डुबुकडुबुक आवाज येतोय का ते ऐकावं लागतं, नारळ हलवून पाणी बघतो तसं. आता पुढे २३ आणि मागे २६ एवढीच हवा ठेवते. मामा अंगठा लावतात आणि मान हलवतात.

वेताळ टेकडी ही पुण्यातली सगळ्यात उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. पण उंचीपेक्षा तिथल्या वाटा मजेशीर आहेत. वाटा दोन जातींच्या. माणसांनी पाडलेली वाट सरळ वर जाते, आपल्याला घाई असते म्हणून. गुरांनी पाडलेली वाट डोंगराच्या पोटाशी लागून, वळसे घेत, दम न लागता जाते. सायकलवाल्याने डोळे मिटून गुरांचं ऐकावं. जुन्या दगडखाणीच्या बाजूने जाणारी अशीच एक वाट माझी लाडकी आहे, अगदी एक चाक मावेल एवढी. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथल्या गिरिपुष्पाला पान नसतं आणि फिकट गुलाबी फुलं असतात. पावसाळ्यात मी तिकडे जात नाही. चिखलात सायकलीने वाटेला चर पडतो आणि पुढच्या पावसात त्या चराचा ओहोळ होतो. ऑक्टोबरात गवत वाळतं आणि मोज्यांत कुसळं भरतात. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं ती म्हण ज्याने केली त्याने ते कधी स्वतःच्या घोट्यातून उपटलं नसणार.

सगळ्या खरेदीत जर कुठली वस्तू वसूल झाली असेल तर ती साधी पितळी घंटी. टेकडी चालणाऱ्यांची आहे, आम्ही उपरे. मागून येऊन "एक्स्क्यूज मी" म्हटलं की काका दचकतात आणि मग रागावतात. ट्रिंग वाजली की मात्र बाजूला होतात आणि शेजारच्याला म्हणतात, "अरे, आपल्या वेळची घंटी!" एक आजोबा सोडून. ते काठी आडवी धरतात. "उतरून चालवा. पाय दिलेत देवाने." मी उतरते. रोज.

मागच्या सप्टेंबरात भाच्याने फोटो पाठवला. तळहातावर एक काटा, खाली फक्त एक ओळ: "मावशी, ओळख बघू!"

दोन शिंगं. सराटा.

मला वाटलं, त्याच्या सामानातूनच गेला असणार. पण तो म्हणाला, सगळं बॉयसी या काट्यांनी त्रस्त आहे. आपल्याकडचा, जुन्या जगातला हा उपद्व्यापी तिकडे कधीच पोचलाय आणि अमेरिकेच्या कोरड्या पश्चिमेत सायकलवाल्यांचा वैरी म्हणून प्रसिद्ध आहे. तिकडे त्याला 'गोटहेड' म्हणतात, बोकडाचं डोकं. आपल्याकडचं दुसरं नाव गोखरू, संस्कृतात गोक्षुर, गाईचं खूर. एकाच काट्यात आपल्याला गाय दिसली आणि त्यांना बोकड. बॉयसीत तर २०१८ मध्ये याच्या नावाने सायकलींचा उत्सव सुरू झाला आणि लोक आधी गावभर हिंडून सराट्याच्या वेली उपटून आणायचे. वेल जमिनीला चिकटून पसरते, पाच पाकळ्यांचं पिवळं गोजिरं फूल येतं, फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात. तुकडा कसाही पडो, एक टोक वर असतंच.

भाचा म्हणाला, तूही उपट की. मी हातमोजे घातले आणि पुढच्या रविवारी सायकल झाडाला टेकवून खाणीच्या वाटेवरचे सराटे गोळा करायला बसले. कापडी पिशवी अर्धी भरली. वर बघितलं तर काठीवाले आजोबा.

"गोखरू?"

मी म्हटलं, हो, पंक्चर होतं म्हणून.

"टाकू नका," ते एकदम मऊ आवाजात म्हणाले. "दशमुळातलं आहे ते. आमच्या हिला मूतखडा आहे, वैद्यांनी काढा सांगितलाय. बाजारात कसलं मिळतं कुणास ठाऊक."

मी म्हटलं, निवडून घ्या, वैद्यांना दाखवून घ्या. त्यांनी पिशवी घेतली, काठी बगलेत मारली, आणि पहिल्यांदाच माझ्या सायकलीकडे नीट बघितलं. "टायर चांगले जाड आहेत की," म्हणाले. मग वाटेने पुढे निघाले.

दहा पावलं गेल्यावर माझ्या लक्षात आलं. पिशवी तळाशी काट्यांनी फाटली होती. आजोबा खुशीत काहीतरी गुणगुणत चालले होते आणि त्यांच्या मागे, अगदी वाटेच्या मधोमध, एकेक सराटा पडत होता. त्यांना हाक मारावी तर ते पिशवी झटकतील.

मी सायकल खांद्यावर घेतली आणि त्यांच्या मागोमाग चालायला लागले.